एक रात्र मध्ये जाऊ द्या

लकडगंजात सागवानाचा मोठा ओंडका आरामशीनवर चढवण्याआधी जाणता मिस्त्री त्याच्याभोवती एक चक्कर मारतो. खडूने रेघ ओढतो, पुसतो, परत ओढतो. गाठ कुठे आहे, पोकळी आत कुठवर गेली असेल, चौकटीचा माल काढायचा की फळ्या, पहिला चिरा कोणत्या अंगाने घ्यायचा, हे सगळं त्या फेरीत ठरतं. एकदा पातं फिरलं की ओंडका परत जोडता येत नाही. माल भारी असेल आणि डोकं चालत नसेल तर तो सरळ म्हणतो, ‘राहू द्या आज. उद्या सकाळी बघू.’ गिऱ्हाईकही फारशी कुरकुर करत नाही. नागपूरच्या या बाजारात कोणी मेंदूशास्त्र वाचून हे करत नाही. पण गेली शंभर वर्षं मानसशास्त्रज्ञांनी आणि गेली पंचवीसेक वर्षं झोपेच्या प्रयोगशाळांनी नेमका हाच प्रश्न लावून धरला आहे. मध्ये गेलेल्या रात्रीने काम खरंच सोपं होतं का? आणि होत असेल तर ते झोपेमुळे, की काम नुसतं बाजूला ठेवल्यामुळे?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी याचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. आठ तास झोपा, पहाटे उठा, फिरायला जा, मोबाइल लांब ठेवा, की प्रतिभा बहरलीच म्हणून समजा. प्रत्यक्ष प्रयोगांचे कागद चाळले तर चित्र बरंच खडबडीत दिसतं. एकाने म्हटलेलं दुसऱ्याने खोडलेलं आहे, वीस-बावीस माणसांवरून अख्ख्या मानवजातीबद्दलचे निष्कर्ष काढलेले आहेत, आणि ज्यांची झोप तपासली ती बहुतेक युरोप-अमेरिकेतली तरुण विद्यार्थी मंडळी, थंडगार अंधाऱ्या खोलीत झोपलेली. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं ते मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे, आणि नेमकं तेच पुरवणीत छापून येत नाही. झोप बाहेरून काही आणून देत नाही. जागेपणी जो माल आत पडला, त्याचीच चिराई रात्री होते. दिवसभर काही आत पडलंच नसेल तर रात्री मशीन रिकामंच फिरणार.

आधी जुन्या कथा. १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने ‘द आर्ट ऑफ थॉट’ या पुस्तकात सर्जनाचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरवण, उजेड पडणं आणि पडताळा. पुढच्या सगळ्यांनी मुरवणीचा टप्पा उचलून धरला आणि पहिल्या टप्प्याकडे काणाडोळा केला. रसायनशास्त्रज्ञ केकुलेला स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि बेंझिनची रचना उलगडली, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. ती केकुलेने जाहीरपणे सांगितली १८९० मध्ये, त्या शोधानंतर पंचवीस वर्षांनी, सत्काराच्या भाषणात. सत्काराच्या भाषणातल्या आठवणी कशा असतात हे महाराष्ट्राला सांगायला नको. ऑटो लोवीची गोष्ट त्यापेक्षा बरी. एका मज्जातंतूचा निरोप रसायनातून जातो हे सिद्ध करायचा प्रयोग त्याला झोपेत सुचला, अर्धवट जागेपणी त्याने चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि सकाळी स्वतःचं अक्षर त्यालाच लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडलं तेव्हा तो तडक प्रयोगशाळेत गेला आणि बेडकांच्या दोन हृदयांवर तो प्रयोग करून मोकळा झाला. १९३६ चं नोबेल त्याला या कामाबद्दल मिळालं. मात्र ही कल्पना १९०३ पासूनच आपल्या डोक्यात होती, असं त्यानेच सांगून ठेवलं आहे.

आपल्याकडे तर तुकोबांचंच उदाहरण आहे. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला आणि नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्वाचं काम अंगावर टाकलं, हे त्यांनी स्वतः अभंगांतून सांगितलं आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण त्याच आत्मचरित्रपर अभंगात तुकोबा त्याआधीचं कामही सांगतात: पडकं देऊळ दुरुस्त करणं, कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरणं, संतांची वचनं आदराने पाठ करणं. स्वप्न या सगळ्यानंतरचं. ज्याच्या कानांत नामदेवांची रचना वर्षानुवर्षं मुरली होती, त्याच्याच स्वप्नात नामदेव आले. दृष्टांताची गोष्ट सांगणारे हे पाठांतर सहसा गाळतात.

प्रयोगशाळेत या प्रश्नाला पहिलं ठसठशीत उत्तर मिळालं ते २००४ मध्ये, जर्मनीतल्या ल्युबेक इथे. उलरिख वॅग्नर, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर’मध्ये आलेला तो प्रयोग अजूनही या विषयाचा पाया मानतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. माणसांसमोर १, ४ आणि ९ या तीनच आकड्यांची बनलेली एक ओळ ठेवायची. शेजारचे दोन आकडे सारखे असतील तर तोच आकडा लिहायचा, वेगळे असतील तर उरलेला तिसरा. असं करत सात पायऱ्या उतरल्या की सातवा आकडा हे अंतिम उत्तर. कंटाळवाणं, पण सोपं. त्यात एक चोरवाट दडवलेली होती: दुसऱ्या पायरीचं उत्तर आणि शेवटचं उत्तर नेहमी एकच. हे ज्याच्या लक्षात येईल त्याला दोन पायऱ्यांत काम उरकता येईल. कोणालाच ते सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी थोडा सराव करून रात्री आठ तास झोपलेल्या २२ जणांपैकी १३ जणांना नंतर ती चोरवाट दिसली. तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांत, मग ते रात्री जागलेले असोत की दिवसा, बावीसांतल्या पाचांनाच.

हे झालं गाजलेलं. न गाजलेली बाजू अशी की संशोधकांनी आणखी काही जणांना सराव न करताच झोपवलं किंवा जागं ठेवलं आणि मग कोडं दिलं. त्यांच्यात झोपलेल्यांचा काहीच वरचढपणा दिसला नाही. चोरवाट सापडायला झोप लागली, पण आधी त्या कंटाळवाण्या पायऱ्या हाताने उतरून झालेल्या असाव्या लागल्या.

मग पुढच्यांनी हे खोडायला घेतलं, आणि तेही जर्मनीतच. २०१८ मध्ये स्वेन्या ब्रोट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही प्रकारच्या कोड्यांना मधला अवकाश उपयोगी पडतो, पण तो झोपेत गेला काय नि जागेपणी गेला काय, फारसा फरक पडत नाही. त्याआधी २००९ मध्ये सिओ आणि ऑर्मरॉड यांनी ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. काम बाजूला ठेवण्याचा फायदा होतो, एका उत्तराच्या कोड्यापेक्षा पुष्कळ कल्पना काढायच्या असतात तेव्हा तो जास्त होतो, आणि मधल्या वेळात हलकंफुलकं काम केलं तर अधिकच, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे मिस्त्रीच्या ‘उद्या बघू’मधला थोडा वाटा झोपेचा असेल, थोडा मधल्या वेळेत पाडलेल्या किरकोळ मालाचा, आणि दोन्हीचं माप अजून कोणी नीट काढलेलं नाही.

सगळ्यात मजेदार भांडण झोपेच्या उंबरठ्यावरचं आहे. थॉमस एडिसन हातात धातूचे गोळे धरून खुर्चीत डुलक्या काढायचा, डोळा लागला की गोळे पडायचे, आवाजाने तो जागा व्हायचा आणि त्या क्षणी जे डोक्यात असेल ते टिपून घ्यायचा, अशी आख्यायिका आहे. २०२१ मध्ये पॅरिसला सेलिया लाको आणि देल्फीन उदिएत यांनी हीच युक्ती वापरून १०३ जणांना ते आकड्यांचं कोडं दिलं आणि हातात एक वस्तू धरून अंधारात वीस मिनिटं टेकायला सांगितलं. कोडं आधीच सुटलेल्यांना वगळलं. उरलेल्यांत जे झोपेच्या पहिल्या, अगदी उथळ पायरीवर निदान पंधरा सेकंद राहिले त्यांतल्या ८३ टक्क्यांना चोरवाट सापडली. जागे राहिलेल्यांत सुमारे ३० टक्क्यांना. आणि जे त्याखालच्या पायरीवर उतरले त्यांच्यात फक्त १४ टक्क्यांना. निष्कर्ष असा की डुलकी लागावी, पण झोप लागू नये. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हा डोक्यावर घेतला.

चार वर्षांनी, २०२५ मध्ये, हॅम्बुर्गच्या अनिका ल्योवे आणि सहकाऱ्यांनी वीस मिनिटांच्याच झोपेचा वेगळ्या कोड्यावर प्रयोग केला आणि उत्तर उलटं आलं. दुसऱ्या पायरीवर उतरलेल्यांपैकी ८५.७ टक्क्यांना युक्ती सापडली, उथळ डुलकीवाल्यांपैकी ६३.६ टक्क्यांना, जाग्यांपैकी ५५.५ टक्क्यांना. आता कोणाचं खरं धरायचं? माझ्या मते दोघांचंही, आणि दोघांचंही जपून. पॅरिसच्या प्रयोगात दुसऱ्या पायरीवर गेलेले होते अवघे चौदा जण. एक कोडं आकड्यांचं, दुसरं पडद्यावरच्या ठिपक्यांचं. एवढ्याशा भांडवलावर ‘पंधरा सेकंदांची जादू’ असे मथळे देणं हा पत्रकारितेतला उद्योग आहे, विज्ञानातला नाही. दुपारची छोटी झोप नव्या कल्पनेला मदत करते, इतपत दोघांचं एकमत आहे आणि सध्या तेवढंच घ्यावं.

याच उंबरठ्यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो लाकूडबाजाराच्या वस्तीत बसून वाचताना हसू येतं. ॲडम हार होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘डॉर्मिओ’ नावाचा एक हातमोजा बनवला. हाताची हालचाल, नाडी आणि त्वचेतले बदल यांवरून माणूस झोपेच्या दारात आला हे तो ओळखतो, आणि मग आवाज येतो, ‘झाडाचा विचार करा.’ थोड्या वेळाने माणसाला हलकेच जागं करून काय दिसलं ते विचारायचं आणि परत झोपू द्यायचं. असं ४५ मिनिटं. २०२३ मध्ये छापलेल्या या अभ्यासात ४९ माणसं होती. जाग आल्यावर त्यांना झाडाचे शक्य तेवढे वेगळे उपयोग सांगायला आणि झाडावर एक गोष्ट लिहायला सांगितलं. ज्यांच्या झोपेत झाड पेरलं होतं, त्यांची कामगिरी नुसतं झोपलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी सरस ठरली. झाडाचे उपयोग मोजायलाच बसायचं तर लकडगंजच्या कोणत्याही दुकानदाराने हातमोज्याविना या मंडळींना मागे टाकलं असतं. त्याचा दिवसच झाडात जातो. पण प्रयोगातून एक बाब ठळक झाली. झोपण्याआधी शेवटी जे डोक्यात ठेवाल, त्याच्याशी रात्र खेळते. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलवर दुसऱ्यांची भांडणं बघत झोपणाऱ्याने, आपल्या रात्रीत काय पेरलं जातं, याचा हिशेब स्वतःच करावा.

मेंदूत नेमकं काय घडतं याचा सर्वांत सुटसुटीत आराखडा पेनेलोपी लुईस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडला. रात्री झोपेची साधारण नव्वद मिनिटांची आवर्तनं होतात. गाढ झोपेत दिवसभराच्या आठवणी मेंदू पुन्हा चालवून बघतो आणि त्यांतला सामाईक नियम गाळून काढतो. स्वप्नांच्या, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेत तोच माल लांबच्या, बिनसंबंधाच्या आठवणींना जोडून पाहतो. एक गाळणी, एक जोडणी, आणि रात्रभर आळीपाळीने दोन्ही. २००९ मध्ये डेनिस काय, सारा मेडनिक आणि सहकाऱ्यांनी दुपारच्या झोपेत या जोडणीचा पुरावा दिला होता. तीन वेगवेगळ्या शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधायच्या कोड्यांत, ज्यांना झोपेत स्वप्नांची पायरी मिळाली त्यांची कामगिरी आधी ओझरत्या भेटलेल्या शब्दांबाबत सुमारे ४० टक्क्यांनी सुधारली. नुसता आराम केलेल्यांची सुधारली नाही.

यातला व्यवहाराचा मुद्दा असा की स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे असतो. म्हणून बाराला झोपून चारला गजर लावणारा माणूस आठांतले चार तास गमावतो आणि त्यात स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा जातो. ब्राह्ममुहूर्ताचं कौतुक करणाऱ्यांनी त्या मुहूर्ताला उठणारे लोक झोपायचे कधी, हे आधी विचारावं. पवनारला विनोबा पहाटे तीनच्या सुमारास उठत, पण रात्री आठलाच आडवे होत. आश्रमातली पहाट तेवढी उचलायची आणि संध्याकाळ सोडून द्यायची, हा अर्धा व्यवहार आहे.

पहाटेच्या सर्जनाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा साठा ऋषिमुनींचा नाहीच, तो बायकांचा आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. एवढी रचना झाली ती दळण दळताना, रोज त्याच वेळी, त्याच लयीत, बहुतेकदा दोघींच्या जोडीने. हाताला ठरलेलं काम, डोकं अर्धं मोकळं, तोंडात बांधून आलेला छंद आणि ऐकायला समोर एक माणूस. सिओ-ऑर्मरॉड ज्याला हलकं काम म्हणतात ते शरीराला हलकं अजिबात नव्हतं, पण मनाला होतं. यावरून ‘पहाटे उठा, कवी व्हा’ असा सल्ला कोणी काढला तर त्याला एक पायली ज्वारी देऊन जात्यावर बसवावं. त्या बायका प्रतिभेसाठी उठत नव्हत्या, घरादाराच्या भाकरीसाठी उठत होत्या, आणि त्यांच्या ओव्यांत अपुऱ्या झोपेचा, थकलेल्या अंगाचा सूरही भरपूर आहे.

आता रात्रीकडे. लकडगंजला लागूनच चितारओळ आहे. मेट्रोच्या स्थानकालाही तिचं नाव दिलेलं आहे. गणपतीच्या आधीचे दिवस तिथे रात्र अशी नसतेच. बांबूचा सांगाडा, त्यावर तणसाची बांधणी, मातीचे थर, वाळवण, रंग, आणि पाऊस लागला तर वाळवणाचं सगळं वेळापत्रक कोलमडलेलं. शेवटच्या आठवड्यात मूर्तिकार दोन-तीन तासांवर चालतात. त्याच सुमारास पूर्व नागपुरात बडग्यांचे पुतळे बांधायचं काम चालू असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, आणि त्यांच्यासोबतचे बडगे हे या शहराचं दरवर्षीचं ताजं व्यंगचित्र. महागाई, भ्रष्टाचार, जो विषय त्या वर्षी गाजेल त्यावर. दिवसाची कामं उरकून रात्री जमणारी मोहल्ल्यातली पोरं हे रचतात. तिकडे वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होते ती होळीपर्यंत. नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं आणि पहाटे उतरतं.

तर मग जागरण सर्जनाला मारक कसं? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. जेम्स हॉर्नने १९८८ मध्ये ३२ तास जागवलेल्या माणसांची चाचणी घेतली तेव्हा त्यांच्या कल्पनांची संख्या, विविधता आणि नवेपणा तिन्ही घसरले, आणि जोर लावूनही ते भरून निघेना. चितारओळीतला मूर्तिकार शेवटच्या आठवड्यात नवी कल्पना काढत नसतो. डोळे कसे, सोंड कशी, बैठक कशी, हे महिन्यांपूर्वी ठरलेलं असतं. त्या रात्री हात चालतात, आणि अनेक वर्षांचा सराव असलेले हात अर्धवट झोपेतही बरेच चालतात. झाडीपट्टीचा नट तर जागरण करत नाही, त्याची झोप दिवसावर सरकलेली असते. बडग्याचं म्हणाल तर विनोद सुचायला थोडं सैल, दमलेलं डोकं उपयोगी पडतही असेल. मरीके वीथ आणि रोझ झॅक्स यांनी २०११ मध्ये ४२८ विद्यार्थ्यांवर पाहिलं की अचानक उलगडणारी कोडी माणूस त्याच्या मंदपणाच्या वेळी जास्त सोडवतो. सकाळी तरतरीत असणारा संध्याकाळी, आणि रात्रीचा राजा सकाळी. हिशेबी कोड्यांना हे लागू नाही. तेव्हा जमाखर्च ताज्या डोक्याने करावा आणि बडग्याचा विषय जेवणानंतरच्या अड्ड्यावर ठरवावा, हे मोहल्ल्याने न शिकताच ठरवलेलं दिसतं.

जागरणाचं खरं आकर्षण मात्र वेगळ्याच ठिकाणाहून येतं. गजानन माधव मुक्तिबोध १९४८ ते १९५८ ही दहा वर्षं नागपुरात होते. घरात मराठी, लेखणीत हिंदी. आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक, तोकडा पगार, आणि रात्री विडी, चहा, लांबलचक भटकंती. त्यांच्या दीर्घ कवितांतली अंधारी शहरं या रस्त्यांवरची आहेत असं वाचणाऱ्याला वाटत राहतं. मग हळूहळू असा समज तयार होतो की कवी व्हायचं तर झोप जाळावी लागते. मला हा समज घातक वाटतो. मुक्तिबोध त्या कविता वर्षानुवर्षं परत परत लिहीत होते. त्यांचं सर्जन त्या पुनर्लेखनात होतं, थकव्यात नव्हतं. ते ४६ व्या वर्षी गेले. रात्र त्यांना मिळत होती ती दिवस नोकरीत विकलेला होता म्हणून.

त्या भटकंतीतला चालण्याचा भाग मात्र शास्त्राला मान्य आहे. स्टॅनफर्डच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं की चालताना सुचणाऱ्या कल्पना बसून सुचणाऱ्यांपेक्षा सरासरी ६० टक्क्यांनी वाढतात, आणि भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी वाढतात. एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याने किंचित नुकसानच झालं. रोजच्या इतर सवयींपैकी चहाचा हिशेबही असाच दुतोंडी. दरया झाबेलिना आणि पॉल सिल्विया यांच्या २०२० च्या अभ्यासात २०० मिलिग्रॅम कॅफिनने समोरचं कोडं सोडवायला मदत केली, नव्या कल्पना काढायला ना मदत केली ना अडथळा. आणि झोपेआधी सहा तास घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफिनही झोपेतला तासभर खातं, हे २०१३ मध्ये मोजलं गेलं आहे. सावजीचा रस्सा रात्री अकराला खाऊन वर कटिंग मारणाऱ्याच्या पोटात काय चालतं हे कोणी मोजलेलं नाही, पण मोजायची गरजही नाही.

आवाजाचं गणित पाहा. रवी मेहता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की हॉटेलातल्या गजबजीइतका, साधारण ७० डेसिबलचा आवाज कल्पना काढायला हलक्या आवाजापेक्षा बरा, आणि ८५ च्या आसपास गेला की तोच आवाज घात करतो. मुंबईत अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं ठरलेल्या टेबलावर बसून समोरचा चौक बघत राहिले आणि त्यातून एक अख्खं पुस्तक उभं राहिलं. तिथे गजबज होती, आरामशीन नव्हती. सागवानात शिरलेलं पातं ८५ ला कधीच मागे टाकतं. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. लाकडाच्या वखारीला खेटून घर असलेल्यांना हा आकडा वाचून गंमत वाटेल.

इतक्या सगळ्यांत लकडगंज-इतवारीच्या व्यापाऱ्याला फुकटात परवडणारी एकच शिफारस मला सापडली. २०१८ मध्ये बेलर विद्यापीठाच्या मायकल स्कलिन यांनी ५७ जणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. अर्ध्यांनी दिवसभरात झालेली कामं लिहिली, अर्ध्यांनी उद्याची. उद्याची लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि जितकी यादी तपशीलवार तितकी झोप लवकर. उधारीची वही दुकानातच बंद करून घरी उद्याच्या वसुलीची यादी लिहायची, इतकं सोपं.

एवढं सगळं प्रयोगशाळेत झालं. आता मे महिन्यातल्या नागपुरात येऊ. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मेमध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले, तो सेन्सरचा दोष निघाला, पण नागपूरकरांना तो आकडा फारसा खोटा वाटला नाही. दुपारपेक्षा खरा छळ रात्रीचा. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान अंशभर तरी उतरावं लागतं, आणि दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत असते. केल्टन मायनर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ६८ देशांतल्या सुमारे ४७ हजार लोकांच्या मनगटी पट्ट्यांच्या नोंदी तपासल्या. रात्रीचं तापमान ३० च्या वर राहिलं की झोप सरासरी चौदा मिनिटांहून थोडी जास्त घटते. हा हिशेब मनगटी पट्टा परवडणाऱ्यांचा आहे. टिनाच्या छपराखाली किती घटत असेल त्याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

जुन्या नागपूरने यावर जे उपाय काढले त्यांत गच्चीवर पाणी मारून बाज टाकणं, रात्री अंघोळ, आणि कूलर. कूलरच्या ताट्या बदलायचा दिवस म्हणजे इथे उन्हाळ्याचा मुहूर्तच. हा कूलर कोरड्या हवेत झकास चालतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की नुसती दमट हवा अंगावर मारत बसतो. गच्च्या आता टॉवरांच्या खिडक्यांखाली गेल्या, डास वाढले, चोरीची भीती वाढली. एसी आला तो ज्यांच्याकडे आला त्यांच्याकडेच. झोपेला ‘वैयक्तिक सवय’ म्हणणारे सगळे लेख इथे येऊन अडखळतात.

याबाबतचा सर्वांत डोळे उघडणारा अभ्यास भारतातलाच आहे आणि तो सर्जनावरच्या लेखांत कोणी उद्धृत करत नाही. पेद्रो बेसोने, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि सहकाऱ्यांनी चेन्नईत ४५२ कमी उत्पन्नाच्या लोकांना महिनाभर डेटा भरायचं काम दिलं आणि त्यांची झोप यंत्राने मोजली. २०२१ मध्ये तो छापून आला. ही माणसं आठ तास अंथरुणात असत आणि झोप मिळे साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज, गर्दी. संशोधकांनी डोळ्यांच्या पट्ट्या, कानातले बोळे, गाद्या, पंखे दिले, पैशाचं आमिषही दिलं. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. पण कामाचा वेग, लक्ष, तब्येत यांत काहीच फरक पडला नाही. तुकड्यातुकड्यांची झोप वाढवून तिचं चिंधीपण जात नाही, असा अर्थ लावावा लागतो. उलट कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्धा तास झोपू दिलं, तेव्हा लक्ष, मूड आणि कामाचा वेग सगळं सुधारलं.

त्यात एक मेख होती. तेवढाच वेळ नुसती सुट्टी घेणाऱ्यांच्या तुलनेत झोपणारे पुढे होते, पण सुट्टी न घेता सलग राबणाऱ्यांपेक्षा त्यांची मिळकत कमी भरली, कारण अर्धा तास गेला. घनफुटाच्या हिशेबाने कटाई करणाऱ्याला किंवा गाडीमागे मजुरी घेणाऱ्या हमालाला हे गणित सांगावं लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी लावून दिली खरी, पण विश्रांतीची खोली सक्तीची केली ती १५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांना. लकडगंजच्या आरागिरणीत आठ-दहा माणसं असतात. डबा खाऊन झाला की ती चिरान फळ्यांच्या थप्पीवर गोणपाट टाकून आडवी होतात, आणि डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या गिरणीचं पातं सुरू होतं, कारण तिथली जेवणाची सुट्टी एकला संपते आणि इथली दीडला सुरू होते. एका गल्लीतल्या चार-सहा गिरण्यांनी सुट्टी एकाच वेळी ठेवली तर चेन्नईच्या प्रयोगातली निदान शांतता तरी फुकटात मिळेल. त्याला ना कायदा लागत, ना हातमोजा.